दंडाच्या पावत्या आणि मिठावरचा कर

मराठवाड्यातल्या एका तहसील कचेरीच्या व्हरांड्यात खांबाला टेकून बसलेल्या एका आजींनी माझ्यासमोर कापडी पिशवी सोडली. आत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्या आत वर्तमानपत्राची घडी आणि घडीत पावत्या. काहींची शाई उडालेली, काहींच्या कडा उंदरांनी कुरतडलेल्या. सगळ्या दंडाच्या. गायरानातली, म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी ठेवलेल्या सरकारी जमिनीतली, तीन एकर कसली म्हणून त्यांच्या नवऱ्याने भरलेला दंड. "भाकरीचं पीठ गेलं तरी चालंल, ह्या जाऊ देऊ नको, असं मालक सांगून गेले," त्या म्हणाल्या.

ज्यांचा महसूल खात्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. सरकारी जमिनीवर कुणी पेरणी केली की तलाठी त्याची नोंद गाव नमुना १-ई मध्ये घेतो. ही अतिक्रमणांची नोंदवही. त्या नोंदीवरून दंड बसतो, दंडाची पावती मिळते. महाराष्ट्रात भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमानुकूल, म्हणजे कायदेशीर, करण्याची जी मुख्य तारीख आहे ती १४ एप्रिल १९९०. त्या दिवसाआधीपासून जमीन आपल्या वहितीत होती हे दाखवायला १-ई चा उतारा आणि दंडाची पावती यांच्याइतका भक्कम कागद दुसरा नाही. गुन्हा केल्याचा पुरावा हाच हक्काचा पुरावा. ज्याने भीतीपोटी किंवा कायदा पाळायचा म्हणून सरकारी जमिनीत औत घातलंच नाही, त्या भूमिहीनाच्या हातात दाखवायला काहीच नाही.

जमीन द्यायची तर ती अशीच द्यावी लागते का, हा प्रश्न त्या व्हरांड्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. दुसरी वाट कुणी सुचवलीच नव्हती का? सुचवली होती, तीही देशाच्या संसदेत आणि पैसा कुठून आणायचा याच्या हिशेबासकट. त्या सूचनेचं काय झालं, याचं हे प्रकरण.

राज्यसभा, ६ सप्टेंबर १९५४

वरच्या सभागृहाला 'राज्यसभा' हे नाव मिळून जेमतेम दोन आठवडे झाले होते. चर्चेला होता अनुसूचित जाती-जमाती आयुक्तांचा अहवाल. असे अहवाल येतात, सदस्य शिष्यवृत्त्या, वसतिगृहं आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरींवर बोलतात, आणि अहवाल कपाटात जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्याकडे कुठलंही पद नव्हतं. १९५१ साली त्यांनी कायदेमंत्रिपद सोडलेलं होतं. १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते हरले होते. तब्येत खालावलेली होती. मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून आलेले एक सदस्य, एवढीच त्यांची त्या दिवसाची ओळख.

त्यांनी शिक्षण आणि नोकऱ्यांइतक्याच जोरात जमिनीचा प्रश्न मांडला. गावात राहणाऱ्या अस्पृश्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नसेल तर तो मोकळा माणूस होऊ शकत नाही, हे त्या मांडणीचं मूळ. ज्याच्या शेतावर मजुरी करायची, त्याच्याच विरोधात पोलिसांत तक्रार कशी करायची? ज्याच्या बांधावरून पाणवठ्याला जायचं, त्याच्याशी वैर कसं घ्यायचं? अस्पृश्यता कायद्याने गुन्हा ठरवली तरी साक्ष द्यायला उभा राहणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामाला जातो कुठे?

मग त्यांनी वाटा तपासल्या. पहिली, एका शेतकऱ्याकडे किती जमीन असावी याला कायद्याने मर्यादा घालायची आणि वरची जमीन अनुसूचित जातींना द्यायची. दुसरी, या लोकांना पैसा द्यायचा, म्हणजे कुणी जमीन विकत असेल तर ते घेतील. तिसरी, देशात पडून असलेली पण लागवडीला येण्याजोगी जमीन. आणि या तिसऱ्या वाटेला लागणाऱ्या पैशाबद्दल ते जे बोलले, ते सत्ताधारी बाकांना ऐकायला सोपं नव्हतं: मिठावरचा कर पुन्हा लावा. तो रद्द झाला तेव्हा त्याचं उत्पन्न दहा कोटींच्या आसपास होतं. त्या उत्पन्नाचा वेगळा निधी करा, त्याला गांधीजींचं नाव द्या आणि तो पैसा अस्पृश्यांना पडीक जमिनीवर वसवण्यासाठीच वापरा.

मीठ हा शब्द त्या सभागृहात किती जड होता, हे आज चटकन लक्षात येत नाही. १२ मार्च १९३० ला दांडीयात्रा निघाली, मीठ हे स्वातंत्र्यलढ्याचं प्रतीक झालं, आणि १९४७ साली गांधीजींच्या शब्दाला मान देऊन तो कर उठवला गेला. त्याच १९३० च्या मार्चमध्ये, दांडीयात्रेच्या दहा दिवस आधी, २ तारखेला नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला होता. एकाच महिन्यात देशात दोन सत्याग्रह उभे राहिले, एक मिठासाठी, एक देवळाच्या दारासाठी. चोवीस वर्षांनी काळारामचा नेता दांडीच्या वारसांना सांगत होता की गांधीजी अस्पृश्यांचे कैवारी होते असं तुम्ही म्हणता, तर मग त्यांच्याखातर सोडलेला कर त्यांच्याच नावाने या कामाला लावा. मला हे टोमणा म्हणून वाचता येत नाही. पैशाची तरतूद न सांगता मागणी करणं म्हणजे हवेत बोलणं, हे ठाऊक असलेल्या अर्थतज्ज्ञाची ती सूचना होती.

हिशेब करून पाहिला. १९५१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३६ कोटींच्या घरात होती. दहा कोटी रुपये म्हणजे माणशी वर्षाला साधारण साडेचार आणे. महिन्याला अर्धा आणाही नाही. इतका हलका बोजा सगळ्या देशावर वाटून जो निधी उभा राहिला असता, त्याला दरवर्षीच्या अंदाजपत्रकात कात्री लागण्याची भीतीही कमी होती, कारण तो एकाच कामासाठी बांधलेला असता. आज आपण ज्याला उपकर म्हणतो, त्याच जातीची ही कल्पना.

तो कर परत लागला नाही. तो निधीही उभा राहिला नाही.

त्या भाषणामागची सत्तावीस वर्षं

हे भाषण एखाद्या थकलेल्या नेत्याचं तात्कालिक बोलणं असतं तर मी त्यावर इतकं लिहिलं नसतं. त्यामागे सभागृहातल्या कामाची लांब रांग आहे. १० ऑक्टोबर १९२७ ला मुंबई कायदे कौन्सिलात लहान खातेदारांविषयीच्या विधेयकावर बोलताना त्यांनी सरकारला अडवलं होतं. जमिनीचे तुकडे पडतात म्हणून ठरावीक आकाराच्या खाली वाटणीच होऊ द्यायची नाही, असं ते विधेयक सांगत होतं. आंबेडकरांचं म्हणणं असं की खातं परवडणारं आहे की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर राबणारं भांडवल, औत आणि माणसं यांवर ठरतं. आणि तुकडे जोडण्याच्या नादात लहान शेतकऱ्याची जमीन सुटली तर तुम्ही नवे भूमिहीन तयार कराल. त्याऐवजी सहकारी शेती करा.

पुढच्याच वर्षी महार वतनाचं विधेयक आलं, आणि इथे जरा थांबावंसं वाटतं. वतन म्हटलं की जमीन, इनाम, मान असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. महारांच्या वाट्याला आलेलं वतन वेगळं होतं. सरकारी अंमलदार आला की त्याच्यापुढे धावायचं, सांगावे न्यायचे, सरकारी कागद आणि भरणा पोचवायचा, रात्रीची राखण करायची. वेळेला बंधन नाही. कामावरचा माणूस हजर नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन चिंधी झालेला जमिनीचा तुकडा आणि गावकरी देतील तेव्हा, देतील तेवढं बलुतं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवून आंबेडकरांनी मार्ग काढला: ज्याला ही चाकरी सोडायची असेल त्याने ती सोडावी, जमीन मात्र पूर्ण सारा भरून त्याच्याकडेच राहावी, आणि बलुत्याचं रूपांतर रोख करात होऊन तो सरकारी वसुलीबरोबर गोळा व्हावा. म्हणजे मोबदल्यासाठी खळ्यावर हात पसरून उभं राहणं बंद. ते विधेयक पुढे त्यांना मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं, तोवर ते हयात नव्हते.

१७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती, म्हणजे सरकार आणि कुळं यांच्यामध्ये बसून सारा वसूल करणाऱ्या कोकणातल्या खोतांची पद्धत, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले आणि इतर भागांतले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. कुळवाड्यांचा तो मोर्चा होता, त्यात जातीने कुणबी, आगरी, महार सगळे होते. विधेयक तत्कालीन मंत्रिमंडळाने पुढे जाऊ दिलं नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर.

आणि १९४७ मध्ये घटना समितीपुढे ठेवण्यासाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या आपल्या पक्षाच्या वतीने तयार केलेल्या निवेदनात त्यांनी शेतीचं राष्ट्रीयीकरण मागितलं, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर या तिन्ही अवस्थाच संपतील. त्याच निवेदनात सरकारी पडीक जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती करण्यासाठी वसाहत आयोग आणि दरवर्षी पाच कोटी रुपयांची मागणी आहे. १९५४ चं भाषण या मागणीचंच पुढचं पाऊल. फरक एवढाच की या वेळी त्यांनी पैशाची पेटीही दाखवली.

या सगळ्यातून मला जो धागा दिसतो तो असा. प्रत्येक वेळी त्यांनी जमिनीचा प्रश्न दयेच्या खात्यातून काढून कायद्याच्या आणि अंदाजपत्रकाच्या खात्यात टाकला. त्याच काळात विनोबांची भूदान पदयात्रा देशभर चालली होती. तिच्यामागच्या माणसांच्या सचोटीविषयी मला शंका नाही. पण दानात देणारा मोठा राहतो आणि घेणारा त्याच गावात त्याच्याच उपकाराखाली. आंबेडकरांना नेमकं तेच तोडायचं होतं.

त्यांच्या मांडणीतली एक बाजू मात्र कच्ची राहिली, आणि तीही सांगितली पाहिजे. कागदावर पडीक दिसणारी जमीन गावात क्वचितच रिकामी असते. तिथे धनगराची मेंढरं चरतात, भूमिहीनाचीच शेळी चरते, बाया सरपण गोळा करतात. गायरान कुणाला द्यायचं म्हटलं की गाव एकदम एक होतो, आणि दर वेळी त्यामागे जातच असते असं नाही. पण ज्या गायरानात बड्या खातेदाराने बांध सरकवून चार एकर आत घेतले तिथे गाव गप्प असतो आणि दलिताने नांगर घातला की ग्रामसभेचा ठराव होतो, हेही मी पाहिलं आहे. त्यामुळे चराईचा मुद्दा खरा असला तरी तो कोण, कधी पुढे करतो, हे बघावंच लागतं.

सभागृहातून शेतात

जमीन हा राज्यघटनेत राज्यांच्या सूचीतला विषय. संसदेत कितीही चांगलं भाषण झालं तरी सातबारा राज्याच्या तलाठ्याकडे. ही अडचण ज्यांनी सर्वांत आधी ओळखली आणि अंगावर घेतली ते कर्मवीर दादासाहेब गायकवाड. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, काळाराम सत्याग्रहातले बाबासाहेबांचे मुख्य सहकारी, १९३७ पासून मुंबई विधानसभेत, १९५७ ते १९६२ नाशिकचे खासदार आणि नंतर राज्यसभेत.

मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १९५३ पासून तिथल्या भूमिहीनांनी फेडरेशनच्या झेंड्याखाली गायरान, परमपोक, खारीज खाता अशा नावांनी नोंदलेल्या सरकारी जमिनींत पेरणी करून सत्याग्रह केला. ही 'अतिक्रमणं' चोरून झाली नव्हती. दिवस सांगून, लोक जमवून, अटक होईल हे धरून केलेली होती. १९५९ मध्ये नाशिक, खानदेशासह मोठ्या भागात पुन्हा सत्याग्रह झाला. त्याच सुमाराला जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा तयार होत होता. तो १९६१ साली झाला.

१ ऑक्टोबर १९६४ ला फेडरेशनच्या जागी आलेल्या रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली. कसेल त्याला जमीन, पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना, धान्याचं नीट वाटप आणि भाववाढीला आळा, झोपडपट्ट्यांची सुधारणा, १९४८ च्या किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती, नोकऱ्यांतल्या राखीव जागा भरणं, आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र. ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला. १९६५ च्या फेब्रुवारीपर्यंत चाललेल्या या लढ्यात पक्षाच्या गणतीप्रमाणे तीन लाखांहून जास्त माणसं तुरुंगात गेली. दादासाहेबांच्या पत्नी सीताबाई आणि शांताबाई दाणी यांच्यासारख्या बायका पुढे होत्या. कडेवर लेकरं घेऊन बाया गाडीत चढल्या. दादासाहेबांसारखा संसदेचा सदस्य स्वतः कायदा मोडायला निघतो, याला आक्षेप घेणारे तेव्हाही होते. मला त्यात विसंगती दिसत नाही. सभागृहात मागणी दहा वर्षं पडून राहिली होती, आणि तिच्यामागे किती माणसं उभी आहेत हे मोजून दाखवण्याची ती पद्धत होती.

सरकारने काय दिलं

आश्वासनं मिळाली, काही ठिकाणी जमिनीही मिळाल्या. पण राज्याची मुख्य पद्धत ठरली ती नियमानुकूल करण्याची. २७ डिसेंबर १९७८ चा शासन निर्णय आला, मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या, ठरावानंतर दलित वस्त्या जळाल्या त्याच वर्षी. मग २८ नोव्हेंबर १९९१ चा, ज्याने १४ एप्रिल १९९० ही तारीख धरली. ते बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष. त्याच १९९० च्या एप्रिलमध्ये मध्यवर्ती सभागृहात त्यांचं तैलचित्र लागलं, बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जाही त्याच वर्षी मिळाला. १९६४ च्या सनदेतल्या दोन मागण्या अशा सव्वीस वर्षांनी पूर्ण झाल्या. जमिनीची मागणी मात्र एका तारखेत कोंडली गेली.

या फरकाकडे माझं सगळं लक्ष आहे. आंबेडकरांनी मागितली होती आखणी: जमीन शोधा, निधी उभारा, माणसं वसवा. राज्याने दिली ती माफी: तुम्ही गुन्हा केलात, अमुक तारखेआधी केला असेल तर पोटात घालतो. माफी मागणाऱ्याला आपला गुन्हा सिद्ध करावा लागतो, आणि तो सिद्ध करणारी वही असते तलाठ्याच्या हातात. कधी नोंद घेतलीच नाही, कधी नवऱ्याच्या जागी भलत्याचं नाव, कधी गट नंबर चुकलेला. मंजुरी मिळाली तरी जमीन येते ती भोगवटादार वर्ग २ म्हणून, नवीन शर्तीवर. परवानगीशिवाय विकता येत नाही. एवढं संरक्षण मला योग्य वाटतं, नाहीतर पहिल्याच दुष्काळात ती सावकाराकडे गेली असती. पण पीककर्जाला बँकेत गेलं की तोच शेरा आडवा येतो.

नव्वदच्या दशकात बीड भागात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने १-ई च्या नोंदी लावून घेणं हाच चळवळीचा कार्यक्रम केला, त्याचं कारण हेच. कागद नाही तर जमीन नाही.

२८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. त्या निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनींचा अपवाद स्पष्ट लिहिलेला आहे. जुलै २०११ मध्ये महाराष्ट्राने गायरानं देण्यावर बंधन घालणारा शासन निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे राज्यात गायरानांवर सुमारे २ लाख २२ हजार अतिक्रमणं असल्याचा आकडा आला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. त्या नोटिशीत १९८५ पासून ज्वारी पेरणारी बाई आणि रस्त्याकडेला पेट्रोल पंप टाकणारा माणूस यांना शब्द एकच: अतिक्रमणधारक.

दुसरीकडे २००४ पासून दादासाहेबांच्याच नावाची सबलीकरण आणि स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची. म्हणजे १९५४ च्या भाषणातली दुसरी वाट: पैसा द्या, कुणी विकत असेल तर घेतील. ती अडते ती त्या 'कुणी विकत असेल तर' पाशीच. सरकारी दरात चांगली जमीन विकायला तयार असलेला माणूस गावात सापडत नाही, आणि जो तयार होतो त्याच्या जमिनीत बहुतेक वेळा मुरूम असतो.

त्या आजींच्या पिशवीतली सगळ्यात जुनी पावती १९८६ ची निघाली. नाव नवऱ्याचं, गट नंबर बरोबर, रक्कम अठरा रुपये. त्यांच्याबरोबर आलेल्या नातवाने ती मोबाईलवर टिपून घेतली आणि लॅमिनेशन करावं का विचारलं. मी नको म्हणालो. मूळ कागद तपासायला मागतात तेव्हा लॅमिनेट केलेल्यावर शंका काढतात. गेल्या काही वर्षांच्या पावत्या का नाहीत, असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, आता दंडच घेत नाहीत. दंड घेतला तर पावती द्यावी लागते, पावती दिली तर पुरावा होतो. म्हणून आजी त्या दिवशी अर्ज घेऊन आल्या होत्या. एका वहीच्या कागदावर, नातवाच्या अक्षरात: आम्ही सदर जमीन कसत आहोत, तरी आमच्याकडून नियमाप्रमाणे दंड भरून घ्यावा, ही विनंती.